कंबर कमजोर झालीये का? घरच्या घरी कसं बघायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट आहे, तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करते. शेतात राबणाऱ्या बाया, एसटीचे ड्रायव्हर, शाळेतले सर, पुण्याहून घरी येऊन लॅपटॉपवर काम करणारी पोरं, सगळ्यांची कंबर रोज हाताखालून जाते आणि प्रश्न बहुतेक तेच तेच असतात. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतेय.

कंबर कमजोर आहे म्हणजे नक्की काय कमजोर असतं?

आत्ता उभे रहा आणि दोन्ही हातांचे अंगठे कंबरेवर मणक्याच्या दोन्ही बाजूंना ठेवा. दोन उभे जाडसर पट्टे हाताला लागतील. आता जरा पुढे झुका, ते पट्टे टणक होतात. तुमचं अख्खं वरचं धड तेच धरून ठेवतात. त्यांच्या खाली अगदी मणक्याला चिकटून मल्टिफिडस नावाचा छोटा स्नायू असतो, तो एकेका मणक्याला जागेवर धरतो. त्याशिवाय पोटाचे, बरगडीखालचे बाजूचे आणि कुल्ल्याचे स्नायू. ही सगळी मंडळी मिळून कंबर सांभाळतात, त्यामुळे कमजोरी यातल्या कुठेही असू शकते.

आणि कमजोरी म्हणजे वजन उचलता न येणं असं लोक धरतात, पण कंबरेत ताकदीपेक्षा दम बघायचा असतो. भरलेला गॅस सिलेंडर साधारण ३० किलोचा, तो एकदा उचलून आत नेणारे पुष्कळ असतात, पण तोच माणूस लग्नात दोन तास उभा राहिला की भिंत शोधायला लागतो. म्हणून खालच्या बऱ्याचशा टेस्ट किलोच्या नाहीत, सेकंदाच्या आहेत.

कंबर दुखते म्हणजे ती कमजोरच आहे ना?

नाही. दुखणं वेगळं आणि कमजोरी वेगळी. दोन्ही एकत्र असू शकतात पण एकावरून दुसरं ठरवता येत नाही. उसण भरलेल्या पहिलवानाची कंबर दुखते पण ती कमजोर नसते, आणि माझ्याकडे अशा कितीतरी बाया येतात ज्यांना आज काहीच दुखत नाही पण टेस्टला वीस सेकंदात कंबर थरथरायला लागते. या दुसऱ्या लोकांची मला जास्त काळजी वाटते कारण त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

घरी टेस्ट करणं सेफ आहे का? कोणी करू नये?

धडधाकट माणसाला सेफ आहे. पण आत्ता कंबर धरलेली असेल, दुखणं कुल्ल्यातून गुडघ्याच्या खाली उतरत असेल, प्रेग्नन्सी असेल, पोटाचं किंवा मणक्याचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल, हर्निया असेल, हाडं ठिसूळ झाल्याचं सांगितलेलं असेल, हार्टचा त्रास असेल किंवा बीपी कंट्रोलमध्ये नसेल तर करू नका, आधी दाखवा.

आणि हे तर टेस्टबिस्टच्या पलीकडचं आहे, कृपा करून नीट वाचा. लघवी अडकणं किंवा नकळत होणं, संडासवरचा ताबा जाणं, सायकलच्या सीटला जो भाग टेकतो तिथे बधिरपणा येणं, पायाची ताकद झपाट्याने कमी होणं, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठं हॉस्पिटल गाठा. खालच्या नसांच्या जुडग्यावर दाब आल्याची ही लक्षणं असतात आणि यात उशीर झाला तर ताबा परत न येण्याची भीती असते. बारीक ताप, वजन उतरणं, रात्री घाम येणं आणि झोपूनही न थांबणारं कंबरेचं दुखणं असेल तर मणक्याचा टीबी आहे का हे बघावं लागतं, आपल्याकडे तो आजही दिसतो. पडल्यानंतर म्हाताऱ्या माणसाची कंबर एकदम दुखायला लागली तर एक्सरे काढा, मालिश करू नका.

टेस्ट कधी करायची? सकाळी उठल्या उठल्या चालेल?

नको. रात्रभर आडवं राहिल्यावर मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, सकाळी त्यांच्यावर ताण जास्त पडतो. उठल्यानंतर निदान तासभर जाऊ द्या. जेवल्यावर लगेचही नको. संध्याकाळी चहाच्या आधीची वेळ मला बरी वाटते. आणि सगळ्या टेस्टमध्ये सेकंद मोठ्याने मोजा, कारण मनात मोजणारा माणूस श्वास धरून ठेवतो आणि त्याने बीपी वाढतं.

सगळ्यात आधी काय बघायचं?

पाय. कंबरेची टेस्ट म्हणून आलेल्या माणसाला मी आधी चालायला लावते, लोकांना आश्चर्य वाटतं. कारण पायाला जाणाऱ्या नसा कंबरेतून निघतात, आणि नस दबली असेल तर ती कमजोरी पायात दिसते.

चपला काढून दहा पावलं फक्त टाचांवर चाला, चवडे वर उचलून. मग दहा पावलं फक्त चवड्यांवर. मग भिंतीला बोटं टेकवून एका पायावर उभं राहायचं आणि टाच वर-खाली दहा वेळा, दोन्ही पायांनी वेगवेगळं. मग खुर्चीत बसून पायाचा अंगठा वर ओढून धरायचा आणि घरातल्या कुणाला तरी तो बोटाने खाली दाबायला सांगायचं.

इथे दोन बाजूंमधला फरक बघायचा. टाचांवर चालताना एकच चवडा खाली पडतोय किंवा एकच अंगठा सहज दाबला जातोय तर चौथ्या-पाचव्या मणक्याच्या पातळीवरच्या नसेचा संशय येतो, एकाच पायाची टाच उचलत नाही तर त्याच्या खालच्या नसेचा. असं दिसलं तर पुढच्या टेस्ट करू नका, व्यायाम सुरू करू नका, त्या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवा. दुखत नसलं तरी. कधी कधी नस फार दबली की दुखणं कमी होतं आणि पाय मात्र लुळा पडत जातो, आणि घरचे म्हणतात बरं झालं, आराम पडला.

मेन टेस्ट कोणती आणि ती घरी कशी करायची?

जगभर सगळ्यात जास्त वापरली जाते ती डेन्मार्कच्या बिअरिंग-सोरेन्सन या डॉक्टरांच्या नावाने ओळखली जाते. त्यांचा अभ्यास १९८४ साली छापून आला, कोपनहेगनजवळच्या ग्लोस्ट्रुप गावातल्या ९२८ लोकांना तपासून पुढे वर्षभर कोणाची कंबर दुखते हे बघितलं होतं.

घरी करायची तर दिवाण किंवा टणक पलंग लागेल, हलणारी खाट नको. पालथं झोपायचं आणि कमरेची पुढची दोन हाडं, जिथे परकर किंवा पॅंट अडकते ती, पलंगाच्या अगदी कडेला येतील इतकं पुढे सरकायचं. त्यापुढचं सगळं धड हवेत. खाली समोर एक स्टूल ठेवा आणि सुरुवातीला हात त्यावर टेकलेले असू द्या, हे स्टूल शेवटपर्यंत हलवायचं नाही. पायांवर कुणीतरी बसायचं, नुसतं धरून भागत नाही. माझ्या एका पेशंटच्या घरी सासूबाई पोटऱ्यांवर उशी टाकून बसल्या होत्या आणि नातू मोबाइलवर स्टॉपवॉच धरून खाली जमिनीवर आडवा झाला होता, मान वाकतेय का बघायला. तिघांची टीम असेल तर उत्तमच.

तयार झालात की हात छातीवर दुमडा, धड जमिनीला समांतर ठेवा, नजर खाली, मान वर काढायची नाही, आणि घड्याळ सुरू. धड खाली झुकायला लागलं की एकदा सावध करायचं, परत झुकलं की संपलं. टेस्ट जास्तीत जास्त २४० सेकंद चालवतात. पाठीत आणि मांडीच्या मागे जळजळ, थरथर होणार, ते स्नायू दमल्याचं. पण मध्येच टोचल्यासारखी कळ आली किंवा पायात मुंग्या गेल्या तर हात स्टूलवर टेकून लगेच थांबायचं.

किती सेकंद आले म्हणजे चांगलं?

डेन्मार्कच्या त्या अभ्यासात ज्या पुरुषांना पुढच्या वर्षात पहिल्यांदा कंबरदुखी झाली त्यांचा सरासरी वेळ १७६ सेकंद होता आणि ज्यांना झाली नाही त्यांचा १९८. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाचे स्टुअर्ट मॅकगिल यांनी विशीतल्या निरोगी पोरापोरींवर हीच टेस्ट केली, १९९९ ला आकडे आले, मुलांचा सरासरी १४६ सेकंद आणि मुलींचा १८९. म्हणजे दमाच्या बाबतीत बायकांची पाठ पुढे आहे. हे मी क्लिनिकमध्ये मुद्दाम सांगते, कारण बाईची कंबर मुळातच नाजूक असं अजूनही घराघरात बोललं जातं.

पण हे आकडे बघून घाबरू नका. माझ्याकडे पहिल्याच दिवशी दीडशे सेकंद काढणारे फार थोडे. मी एक मिनिट ही रेघ धरते, कारण फिनलंडमधल्या १९९५ च्या अभ्यासात ज्यांचा वेळ ५८ सेकंदांच्या आत होता त्यांना पुढे कंबरदुखी होण्याची शक्यता बाकीच्यांच्या तिपटीच्या वर निघाली होती. मिनिटाच्या खाली असाल तर काम करायला हवं, मिनिट ते दोन मिनिटं म्हणजे ठीक पण वाढवा, दोनच्या वर असाल तर ते टिकवा. ही विभागणी माझी कामापुरती आहे. वजन जास्त असेल तर वेळ साहजिकच कमी येतो कारण तेवढं धड उचलून धरायचं असतं, आणि कुल्ल्याचे, मांडीच्या मागचे स्नायूही यात कामाला लागतात. त्यामुळे शेजारणीच्या नंबरशी तुलना करू नका.

पाय धरायला घरात कोणी नाही, मी एकटाच राहतो. मग?

जमिनीवर सतरंजी टाका, पोटाखाली उशी घ्या, पालथे झोपा, हात अंगालगत आणि छाती जमिनीपासून फक्त चार बोटं वर उचलून धरा. हनुवटी आत. हे पलंगाच्या टेस्टपेक्षा सोपं आहे म्हणून वरचे आकडे याला लावू नका, तुमचा आजचा आणि महिन्यानंतरचा एवढाच हिशोब ठेवा. पलंगाच्या कडेवरची टेस्ट एकट्याने पाय कपाटाखाली अडकवून वगैरे करू नका, कपाट अंगावर येईल.

बाजूची कमजोरी कशी कळते?

दोन प्रकारे. पहिलं आरशासमोर. दोन्ही हात कमरेच्या हाडांवर ठेवा आणि एक पाय उचलून अर्धा मिनिट उभे रहा. उजव्या पायावर उभे असताना डावा हात खाली गेला तर कमजोरी उजव्या कुल्ल्यात आहे, डाव्या नाही, इथे सगळे गोंधळतात. ही टेस्ट १८९५ पासूनची आहे, ट्रेंडेलेनबर्ग नावाच्या जर्मन सर्जनची, आणि अजून तितकीच उपयोगी. कडेवर पोर घेणाऱ्या आयांमध्ये मला एक बाजू बरेचदा ढिली सापडते.

दुसरं साइड प्लँक. कुशीवर होऊन कोपर आणि पावलांवर शरीर उचलायचं, सरळ फळीसारखं, आणि किती सेकंद राहतं ते बघायचं. मॅकगिल यांच्या त्या तरुण मुलांचा सरासरी दीड मिनिट होता, मुलींचा सव्वा मिनिटाच्या आसपास. पण इथे दोन बाजू जवळजवळ सारख्या असणं जास्त महत्त्वाचं, शंभराला पाचपेक्षा जास्त फरक असेल तर ते लक्ष देतात. मी घरच्या मोजणीत इतकी काटेकोर नसते, पण एका बाजूला ४० सेकंद आणि दुसऱ्या बाजूला २० असं आलं तर ते उघडच आहे. खांदा दुखत असेल तर गुडघे दुमडून गुडघ्यांवर करा, दोन्ही बाजूंना सारखंच.

ती लाटण्याची टेस्ट काय असते?

ही बघायला सोपी आणि फार काही सांगून जाणारी. घोड्यासारखं चार पायांवर व्हा, हात खांद्याखाली, गुडघे खुब्याखाली. कंबरेवर, बेंबीच्या बरोबर मागे, लाटणं आडवं ठेवायला सांगा. आता उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे, दोन्ही सावकाश सरळ करायचे आणि दहा सेकंद धरायचे. मग उलट. कंबर गरकन फिरली तर लाटणं घरंगळतं. काही लोकांचं एका बाजूला जागेवर राहतं आणि दुसऱ्या बाजूला पाय उचलायच्या आधीच, नुसतं वजन सरकवताना पडतं. ती बाजू लिहून ठेवा. इथे ताकद नाही, ताबा कळतो. गुडघे दुखत असतील तर खाली घडी केलेलं पांघरूण घ्या.

आई-बाबांची कशी बघू? त्यांना पालथं झोपणं जमत नाही.

त्यांना वरचं काही लावू नका. हात नसलेली टणक खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीवर, आणि ३० सेकंदात किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजा. तुम्ही शेजारी उभे रहा. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचा तक्ता मी वापरते, ६० ते ६४ वयात पुरुष १४ आणि बायका १२, ६५ ते ६९ ला १२ आणि ११, ७० ते ७४ ला १२ आणि १०, यापेक्षा कमी आलं तर ते कमी धरतात आणि पडण्याचा धोका वाढलेला असतो. आपल्याकडे मांडी घालून बसलेली आजी हात न टेकता उठायची ती आता कशाला तरी धरून उठते, हेही तितकंच मोठं लक्षण आहे, आणि ते घरच्यांनाच दिसतं.

माझं दुखणं गेलं. आता टेस्ट कशाला करू?

कारण दुखणं गेलं म्हणून स्नायू परत आलेला नसतो. १९९६ साली ऑस्ट्रेलियात ज्युली हाइड्स आणि सहकाऱ्यांनी पहिल्यांदाच कंबर धरलेले ३९ लोक घेतले. चार आठवड्यांत जवळपास सगळ्यांचं दुखणं थांबलं, पण ज्यांना व्यायाम दिला नव्हता त्यांचा तो मल्टिफिडस दुखऱ्या बाजूला बारीक झालेला होता तो दहा आठवड्यांनीही भरला नव्हता. पुढे वर्षभरात व्यायाम न केलेल्यांपैकी ८४ टक्के लोकांची कंबर परत धरली, व्यायाम केलेल्यांपैकी ३० टक्के. अभ्यास छोटा आहे, पण मी रोज जे बघते त्याच्याशी तो जुळतो. दुखणं थांबलं की पेशंट यायचं बंद होतो, आणि आठ महिन्यांनी पोतं उचलताना परत तीच कंबर, तीच बाजू. मला याचं खरंच वाईट वाटतं कारण मधले सहा आठवडे दिले असते तर बऱ्याच जणांचं हे टळलं असतं.

एमआरआयमध्ये मणक्यात गॅप आलाय आणि गादी सरकलीये असं लिहिलंय. मग माझी कंबर कमजोर झालीच ना?

एमआरआयमध्ये दम दिसत नाही. आणि गॅप हा शब्दच उलटा पडलाय, गादी झिजल्यावर मणक्यांमधलं अंतर कमी होतं, वाढत नाही. २०१५ साली काहीही न दुखणाऱ्या तीन हजारांवर लोकांच्या स्कॅनचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात विशीतल्या ३० टक्के लोकांची गादी फुगलेली होती आणि ऐंशीच्या वयात ८४ टक्के लोकांची. म्हणजे रिपोर्टमधले ते शब्द केस पिकण्यासारखे असू शकतात. पायाची ताकद ठीक असेल आणि डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर तुमची कंबर तयार होऊ शकते.

बेल्ट लावून टेस्ट करू का?

नको, मग बेल्टची टेस्ट होईल. धरलेल्या कंबरेला चार-आठ दिवस, लांबच्या प्रवासाला, ठीक आहे. वर्षानुवर्षं साडीच्या आत बेल्ट बांधून फिरणाऱ्या बायांना मी हळूहळू सोडवते, एकदम काढत नाही.

पायाळू माणसाचा पाय लावला की उसण जाते. मग हे सगळं कशाला?

माझ्या आजीची यावर श्रद्धा होती, आणि उसण तशीही बहुतेक वेळा काही दिवसांत उतरते, त्यामुळे लोकांना गुण आल्यासारखं वाटतं. पण कुणाच्या पायाने कंबरेत दम येत नाही, आणि म्हाताऱ्या माणसाच्या पाठीवर लाथ किंवा कुणी उभं राहणं हे अजिबात करू नका, ठिसूळ मणका दबून मोडू शकतो.

दिवसभर शेतात वाकूनच काम असतं, तेवढा व्यायाम पुरत नाही का?

हा प्रश्न बाया फार विचारतात आणि रास्त आहे. भात लावताना, खुरपताना आपण कंबरेतून पूर्ण वाकलेले असतो, आणि तेवढं वाकल्यावर पाठीचे स्नायू बरेचसे सैल पडतात, धड मागच्या पट्ट्यांवर, म्हणजे लिगामेंटवर लटकतं. म्हणजे काम आठ तासांचं झालं पण स्नायूला दम वाढवणारा व्यायाम झाला नाही, उलट लिगामेंट ताणून थकली. त्यामुळे पाणी प्यायला उठाल तेव्हा कंबरेवर हात ठेवून पाच वेळा मागे झुका, आणि एक हात गुडघ्यावर टेकून खुरपा, हात बदलत. बसून खुरपता येत असेल तर उकिडवं किंवा एक गुडघा टेकून.

रोज बारा सूर्यनमस्कार घालतो, तरी नंबर कमी का आला?

सूर्यनमस्कारात एकेका स्थितीत तुम्ही काही सेकंदच असता. लवचिकपणा येतो, दम भरेलच असं नाही. सोबत शलभासन आणि सेतुबंधासन दहा-दहा सेकंद धरून करा. जिममध्ये डेडलिफ्ट मारणाऱ्या पोरांनाही हेच, जोर असतो पण साइड प्लँकला अर्ध्या मिनिटात हलतात.

नंबर कमी आला. आता काय करू?

टेस्टच रोज करत बसू नका. मी तीन गोष्टींपासून सुरू करते, लाटण्याच्या टेस्टमधली ती हात-पायाची पोझिशन, साइड प्लँक, आणि उताणं झोपून एक गुडघा दुमडून, हात कंबरेखाली ठेवून डोकं-खांदे जरासे उचलणं. या मॅकगिल यांच्याच तीन. एकदा दहा सेकंद धरायचं, सोडायचं, असं सहा वेळा, थोडं थांबून चार वेळा, मग दोन वेळा. लांबलचक धरून थरथरत राहण्यापेक्षा छोटं आणि नीट. सोबत रोज अर्धा तास भरभर चालणं. पहिल्या आठवड्यात स्नायू अंबल्यासारखे वाटतील, ते चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी कंबर ताठ होऊन उठवत नसेल तर निम्मं करा.

बाळंतपण झालेलं असेल तर आधी पोटाचे स्नायू मधोमध फाकलेत का हे फिजिओकडून तपासून घ्या, तोवर ते डोकं उचलण्याचं करू नका.

परत टेस्ट कधी? आणि नंबर वाढला पण दुखणं तसंच राहिलं तर?

सहा आठवड्यांनी, त्याच पलंगावर, त्याच वेळेला, पायावर तेच माणूस बसवून. तारीख आणि सेकंद भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी लिहा, वही हरवते. माझ्याकडे एक अंगणवाडीताई पहिल्यांदा २२ सेकंदांवर थांबल्या होत्या, सहा आठवड्यांनी ५१ आणि दिवाळीनंतर ८८. दुखणं मात्र त्यांचं पहिल्या महिन्यात तसंच होतं, दुसऱ्या महिन्यात पोरांना उचलताना कमी झालं आणि उभं राहिल्यावर अजून थोडं आहे. असं पुढे-मागे होतं. तीन महिन्यांत नंबर वाढूनही दुखणं जागचं हललं नाही तर दुखण्याचं कारण दुसरं असू शकतं, खुबा, माकडहाडाच्या वरचा सांधा, कधी नस, झोप आणि मनावरचा ताणही. तेव्हा दाखवायला जा आणि जाताना कॅलेंडरच्या त्या पानांचे फोटो घेऊन जा, उजवी-डावी बाजू आणि तारखा दिसतील असे, म्हणजे समोरच्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.